उसवलेलं छत

आमच्या देवीच्या पालखीवर जरीचं छत असायचं, मधोमध सूर्य नि चारी कोपऱ्यांत मोर. पेशवाईच्याही आधी माझ्या सासरच्या शिंप्यांनी भरलेलं. दरवर्षी शिमग्याआधी सुटलेले टाके आमचे हे बसवायचे. पावस गावापासून इकडे आम्हांला जो काही मान होता, तो त्या छतामुळे.

एका साली देवीचं रूप, म्हणजे चांदीचा मुखवटा, तडकलं. मुंबईत गिरण्या बंद, वर्गणी येईना. मग कुणा मानकऱ्याच्या सुपीक डोक्यात आलं, छत जाळलं तर जरीतली चांदी निघेल. हे पांढरेफटक पडले. शेवटी देवीचा कौल घ्यायचं ठरलं, तेव्हा कुठे घरी येऊन चार घास जेवले.

"आय आपला कपडा जाळाया देईल काय?" म्हणाले.

गुरवाने देवीच्या डाव्या-उजव्या अंगाला कळ्या चिकटवल्या नि मानकऱ्यांनी सांगितलं तसं गाऱ्हाणं घातलं, "आई, तुला नवं रूप हवं असेल तर उजवी दे." उजवी कळी पडली. का नाही पडणार? तडकलेलं तोंड कुठल्या बाईला हवंय!

"छत जाळू काय, ह्ये कुनी इचारलंच नाय!" हे ओरडले. पण एकदा कौल झाला की झाला. ह्यांनी मानकऱ्यांचे पाय धरले, तेव्हा एवढंच पदरात पडलं की जाळायचं नाही, हाताने उसवून द्यायचं.

थंडीभर आम्ही दोघं ओटीवर उसवत होतो. माझा नुसता संताप व्हायचा. "द्या फेकून त्येंच्या तोंडावर," मी म्हणायची.  तार ओढताना ह्यांचे ओठ हलायचे. मला वाटलं देवाचं नाव घेतात. मग नीट ऐकलं, तर वाडवडलांची माफी मागत होते.

सगळी जरीची तार निघाली. कापडावर सुईची भोकं राहिली, नि त्या भोकांत सूर्य, मोर सगळं दिसत होतं. ह्यांचा चेहरा एकदम उजळला. "अगो, साध्या दोऱ्यान भरतो. वाट हाय तीच हाय." मी सुईत दोरा ओवून दिला. पहिलाच टाका ओढला नि रेशीम टरकन फाटलं. दुसरीकडे घातला, तिथेही तेच. कापड केव्हाच विरलं होतं, जरीची तारच ते धरून होती. हे तरी टाके घालतच राहिले. मला बघवेना.

शिमग्याला नवं रूप लावून पालखी दारात आली. ढोल वाजत होते. हे आत चिंध्या मांडीवर घेऊन बसलेले. ओटी भरायला म्हणून मी हाक मारली.

"तिला सांग," म्हणाले, "घरात कोन नाय."