मस्कतला भट्टी कशाला?

एसीतलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. तेव्हाही कळत नव्हतं आणि आता सगळं आटोपल्यावरही कळत नाही. तरी ईस्टरआधीच्या त्या उपासकाळात घरातला जो तो मलाच विचारायचा, "मम्मी, मग काय ठरलं?" जसं काही गच्चीवरचं ते मशीन मी माहेराहून आंदण आणलं होतं.

आम्ही मस्कतजवळ अल अमेरातला राहतो. भाड्याचं घर, जुनं, बैठं, पण ऐसपैस. मुलगा, सून, शाळेत जाणारी नात आणि आम्ही दोघं म्हातारी. या घरात खोलीखोलीला वेगळा एसी नाही. गच्चीवर एकच मोठं मशीन आणि तिथून छताच्या आत पत्र्याचे चौकोनी बोगदे सगळ्या खोल्यांत गेलेले. त्यांना डक्ट म्हणतात. म्हणजे लग्नाच्या पंगतीसारखं. एकाच टोपातलं सगळ्यांना, ज्याला तिखट सोसत नाही त्यानंही तेच खायचं. फक्त किचनात त्या बोगद्याचं तोंड उघडत नाही. बांधणाऱ्याला वाटलं असेल, बायका काय, घाम गाळतातच.

मार्चमध्ये ते मशीन बंद पडलं. कॉम्प्रेसर गेला म्हणाले. पंखा तेवढा फिरायचा, म्हणून नुसता वारा येत होता, गारवा नाही. घरमालक ओमानी आहे, भला माणूस, हिंदी आमच्यापेक्षा चांगली बोलतो. तो म्हणाला, "अम्मा, दीवार में छेद नहीं करने का. डक्ट है, तो सेंट्रल ही लगाओ. सस्ता वाला मैं देगा. उसके ऊपर का शौक तुम्हारा." आणि मुलगा ऑफिसला निघता निघता म्हणाला, "मम्मी, दिवसभर घरात तुम्ही दोघं असता. तुम्हीच ठरवा."

दोघं म्हणजे मी. कारण यांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून बोलणं फार कमी झालंय. पाय सुधारला, पण डावा हात अजून गारच असतो, माठाला हात लावावा तसा. जरा गार हवा लागली की बोटं आखडतात. मागचा उन्हाळा त्यांनी हॉलमध्ये स्वेटर आणि कानटोपी घालून काढला. बाहेर डोंगर भाजून निघतायत आणि आत हा माणूस काश्मीरला निघाल्यासारखा बसलेला. नात शाळेतून आली की म्हणायची, "आजी, मला गरमी होतो," आणि एसीचा आकडा खाली आणायची. मी गुपचूप वर करायची. सून येऊन मधला करायची. डॉक्टर म्हणाला, यांना फार उष्णही नको आणि फार थंडही नको. मग हवं काय, ते काही त्यानं सांगितलं नाही.

आणि मुलानं एकदा हळूच मला बाजूला घेऊन सांगितलं, "मम्मी, या वेळी पप्पांना सोसलं नाही, तर मे उजाडायच्या आत तुम्हाला वसईला पोचवतो. त्यांचे हाल बघवत नाहीत." त्याचं चुकलं असं नाही. पण वसईच्या घराला कुलूप आहे. शेजारची आमच्या वयाची माणसं एकेक करून गेली. तिथं आम्ही दोघं, त्यात एकाचा एक हात कामाचा नाही, विहिरीवरचा पंप कोण चालू करणार? आणि नात इथं. मला जायचं नव्हतं. यांना जायचं होतं की नव्हतं, तेच कळेना.

"अहो, तुम्हाला काय वाटतं? राहायचं की जायचं?"

"बघ."

"बघ म्हणजे काय बघू?"

"बघ," पुन्हा तेच. आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मग मी बघायला लागले. इथं सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमचा रविवारचा मिस्साही शुक्रवारीच होतो. मिस्सा संपला की चर्चच्या आवारात सगळी वसई जमते. मी तिथं नुसतं विचारलं, "सेंट्रल एसी घ्यायचाय, स्वस्तातला, कुठला बरा?" तर जी झुंबड उडाली म्हणता! एक म्हणे इन्व्हर्टरच घ्या, दुसरा म्हणे इन्व्हर्टरचा पार्ट गेला की रडत बसाल. एकजण म्हणे पाच टन, त्याचा सख्खा भाऊ म्हणे छे, पाच टनानं मावशी गोठतील. तांब्याची कॉइल, अॅल्युमिनियमची कॉइल, कुठल्या कागदावर किती तारे. मी प्रत्येकाला "हो ना" म्हणत होते. घरी येताना गाडीत सुनेनं विचारलं, "मम्मी, काय म्हणाले?" मी म्हटलं, "सगळे हुशार आहेत."

त्याच रात्री अमेरिकेतून धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे बर्फ पडतो. ती म्हणाली, "बाय, इतका विचार कसला करतेस? आमच्यासारखं घे. एकच सिस्टम. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात गरम. तळघरात गॅसची भट्टी असते, तिची हवा त्याच डक्टमधून येते. दोन्ही एकत्र घेतलं की स्वस्त पडतं."

आता तुम्ही मला हसाल. पण ते ऐकून मला वाटलं, देवच पावला! थंडही आणि गरमही, एकाच मशीनमध्ये! म्हणजे नातीच्या खोलीत थंड सोडायचं आणि यांच्या खोलीत गरम. भांडणच मिटलं. त्या रात्री मी शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन गाला नावाच्या भागात गेले. तिकडे सगळी गॅरेजं, वर्कशॉपं आणि असली दुकानं. दुकानातला सेल्समन केरळचा, गोड बोलणारा. मी त्याला ऐटीत म्हटलं, "भैया, एसी के साथ भट्टी वाला भी दिखाओ. गैस वाला."

त्यानं मुलाकडे पाहिलं. मुलानं छताकडे पाहिलं.

"अम्मा, मस्कत में भट्टी?" तो म्हणाला. "जून में दरवाजा खोलो ना, फ्री में मिलेगी."

सगळं दुकान हसलं. मीही हसले, काय करणार? पण मी काही हटले नाही. म्हटलं, "एक कमरे में गरम चाहिए, बाकी में ठंडा." तेव्हा त्यानं समजावलं की तसं नसतंच. भट्टी असो नसो, मशीन एका वेळी एकच काम करतं. सगळ्यांना थंड, नाहीतर सगळ्यांना गरम. आणि भट्टीला पाइपचा गॅस लागतो. आपल्या घरी येतो निळा सिलिंडर, तो भट्टी दोन दिवसांत गिळून टाकेल. खोलीखोलीचं तापमान वेगळं करणारी सिस्टमही असते म्हणाला, पण तिची किंमत ऐकून मुलानं माझा हात धरून मला खुर्चीवरून उठवलंच. मी विचारलं, यांच्या खोलीत हवा येते ती छतातली जाळी बंद केली तर? तो म्हणाला, एक जाळी थोडी बंद करा, चालेल. पूर्ण बंद करत सुटलात तर स्वस्तातलं मशीन दम टाकेल.

परत येताना मुलानं सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाला, "मम्मी, मी तिकिटं बघून ठेवू का? नुसती बघून."

मी म्हटलं, "नुसती बघ."

मी बहिणीला पुन्हा फोन केला. म्हटलं, "तू तर म्हणालीस थंड आणि गरम!" ती म्हणाली, "अगं, पण एकाच दिवशी कसं असेल, बाय? आम्ही काय वेडे आहोत?" मी म्हटलं, "ते मला काय माहीत, तुम्ही तिकडे काय काय करता." खरं सांगते, त्या दिवशी ती भट्टी माझ्या डोक्यातच पेटली होती.

त्यानंतरच्या शुक्रवारी घरमालक आणि तो सेल्समन दोघं मिळून घर मोजायला येणार होते. दुपारचा नमाज आटोपून, चारच्या सुमाराला. आता उपासकाळातला शुक्रवार म्हणजे मटण बंद. मी वसईहून आणलेले सुके बोंबील काढले. लसूण, बॉटल मसाला, थोडी चिंच. यांना फार आवडतात. आणि माझ्या ध्यानातच राहिलं नाही, की मशीनचा पंखा चालू आहे, आणि ते मशीन घरातली हवा ज्या जाळीतून ओढून घेतं ती जाळी बरोबर किचनच्या दाराबाहेर आहे.

बोंबील तव्यावर पडला आणि थोड्या वेळात घरभर झाला. नुसता घरभर नाही, तर छतातून, प्रत्येक खोलीत वरून बरसत होता. नातीच्या खोलीत, तिच्या इस्त्रीच्या युनिफॉर्मवर. सुनेच्या कपाटात. नात नाक धरून ओरडत आली, "आजी! माय रूम इज फिश!" आणि नेमकी दारावरची बेल वाजली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घरमालक आत आला, एक लांब श्वास घेतला आणि म्हणाला, "माशाल्ला, अम्मा. मेरी माँ शार्क मछली सुखाती थी, छत पर. ऐसा ही." आणि सरळ किचनच्या दारात जाऊन तव्यात डोकावला. त्याला मी चार बोंबील आणि भाकरी दिली. बोंबलाचं शेपूटसुद्धा त्यानं ठेवलं नाही, यावरून समजा.

सेल्समननं टेप लावून सगळं मोजलं. मशीन ठरलं ते स्वस्तातलंच, साधं, इन्व्हर्टर नसलेलं. मग तो किचनच्या दाराशी येऊन म्हणाला, "अम्मा, पकाते टाइम ये दरवाजा बंद रखो, नहीं तो मछली सब के बेड पे सोएगी. और बंद करोगे तो अंदर गर्मी. तो मैं एक काम करता हूँ. डक्ट यहाँ ऊपर से ही जा रहा है, किचन में भी एक मुँह निकाल देता हूँ. आपके लिए फ्री."

सगळे खूश. सून तर टाळी वाजवायचीच बाकी होती. "मम्मी, आता तुम्हाला गॅससमोर घाम नको! इतकी वर्षं झाली!" मुलगा म्हणाला, "यल्ला, खलास, करून टाका." मलाही बरं वाटलं. इतक्या दिवसांच्या घोळात कोणीतरी फुकट काही देत होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "किचनात नको."

हे बोलले होते. किचनातल्या स्टुलावर बसून, मांडीवर लसणाची वाटी घेऊन. आम्हाला आधी कळेचना कोण बोललं.

सुनेचा चेहरा उतरला. "पप्पा, मम्मींना गरम होतं ना. त्यांचा पण विचार करायला हवा."

"नको," हे पुन्हा म्हणाले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो. सगळे थांबले, घरमालकसुद्धा हातातली भाकरी तशीच धरून. मग ते म्हणाले, "मग मी कुठं बसू?"

काय सांगू तुम्हाला. मी त्या स्टुलाकडे पाहिलं. हिवाळ्यापासून हा माणूस रोज सकाळी तिथं येऊन बसत होता. मला वाटायचं, भूक लागली असेल, नाहीतर करमत नसेल. मी दर वेळी म्हणायची, "अहो, हॉलमध्ये बसा, इथं काय गरमीत लुडबुड?" ते उठून जायचे आणि थोड्या वेळानं परत यायचे. मग मी हातात लसूण द्यायची, निदान काहीतरी करा म्हणून. अख्ख्या घरात एकच खोली अशी, जिथं वरून गार हवा पडत नाही आणि गॅस पेटलेला असतो. ती यांनी केव्हाच शोधली होती. आणि मी गालापर्यंत जाऊन भट्टी मागत होते!

मी त्यांच्याजवळ गेले. हळूच विचारलं, "म्हणजे तुम्हाला राहायचंय?"

माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही खुळ्यासारखं विचारलं. म्हणाले, "मग लसूण कोण सोलणार?"

मुलगा वळून उगाच टेप गुंडाळायला लागला. टेप सेल्समनची होती.

किचनात डक्ट काढला नाही. सेल्समन बिचारा गोंधळला, फुकट देतोय तरी नको म्हणतात. घरमालकानं त्याला अरबीत काहीतरी सांगितलं, मग त्यानं मान हलवली. काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही. स्टूल मात्र मी काढून टाकलं आणि हॉलमधली हाताची खुर्ची आत आणली, पाठीला उशी लावून. यांच्या खोलीतली जाळी अर्धी बंद केली. झोपताना शाल असतेच.

आता मे अर्धा उलटून गेलाय आणि वसईचं नाव कोणी काढत नाही. तिकिटं मुलानं बघितली की नाही, मी विचारलं नाही. मशीन चांगलं चालतंय असं सगळे म्हणतात. किती टन आहे, विचारू नका. मला टन कळत नाही, तारे कळत नाहीत, आणि गॅसच्या भट्टीची हवा घरात कशी खेळते हेही कळलेलं नाही, बहिणीनं दोनदा सांगूनही.

परवा नात शाळेतून आली आणि पाणी प्यायला किचनात शिरली. मी भाकऱ्या थापत होते, हे खुर्चीत लसूण सोलत होते, डावा हात गॅसच्या बाजूला करून. ती दारातच थबकली. "ओ गॉड, आजी! इथे किती गरमी आहे! तुम्ही दोघं मॅड आहात?"

यांनी वाटीतून मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, तिच्या मागच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"दार लाव," म्हणाले. "हवा येते."