कुटुंब म्हणजे कोण

साखर कारखान्याच्या ऑफिसात मी नवा कारकून होतो तेव्हा फंडाचं एक परिपत्रक आलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं कन्नडमध्ये. भालकीकडचे आमचे बहुतेक कामगार तीन-तीन भाषा सहज बोलायचे, पण सरकारी कागद वाचायची वेळ आली की सगळे माझ्या टेबलाशी. मला त्याचा जरा माज होता, खोटं कशाला बोलू.

परिपत्रकात दोन पर्याय होते. प्रॉव्हिडंट फंड आहे तसा पूर्ण जमू द्यायचा, किंवा त्यातला थोडा भाग दरमहा 'कुटुंब पेन्शन'कडे वळवायचा. वळवला तर रिटायर होताना हातात कमी येणार, पण नोकरीत असताना माणूस गेला तर मागे राहिलेल्यांना दरमहा पैसे मिळणार. एकदा निवडलं की बदल नाही. मी सगळं नीट मराठीत करून सांगितलं. 'कुटुंब' हा शब्द तेवढा होता तसाच ठेवला. कन्नडमध्येही कुटुंब, मराठीतही कुटुंब, त्यात काय सांगायचं?

बॉयलरवर आमच्याच भागातल्या मेहकरचा एक आगवाला होता. मी त्याला मामा म्हणायचो. त्याची बायको बाळंतपणात गेलेली आणि एकुलती एक लेक त्याच्या बहिणीकडे वाढत होती. हे मला पक्कं ठाऊक होतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला कुटुंब कुठं हाय अण्णा? आपला फंडच बरा." मी नकारावर फुली मारली, त्यांनी अंगठा दिला. माझी अक्कल शेण खायला गेली होती, दुसरं काय.

दोन दिवसांनी संध्याकाळी शेजारचे म्हातारे दारात आले. आई माझ्या शेजारी बसलेली, दोन्ही पोरं अंगणात दंगा करतायत, आणि ते विचारतात, "कुटुंब न्हाई का घरी?" बायको माहेरी गेली होती. मी 'न्हाई' म्हणालो आणि मग मला मामांचं बोलणं आठवलं. आमच्याकडे जुनी माणसं बायकोला 'कुटुंब' म्हणतात. मामांनी तेच ऐकलं होतं.

फॉर्म दुसऱ्या दिवशी दुपारी गुलबर्ग्याच्या फंड ऑफिसात जाणार होते. सकाळी मी थेट बॉयलरपाशी गेलो. तिथं शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ओरडलो, "मामा, कुटुंब म्हंजे नुसती बायको न्हाई! लेकपण त्यातच येते!"

"आँ?"

"तुम्ही मेलात तर पोरीला पैसे मिळतील!"

हे नेमकं सगळ्यांना ऐकू गेलं. मामांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. "सकाळी सकाळी मरायला सांगायलाव व्हय मला?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी एकेक गोष्ट खोदून विचारली. "पोरीचं लगीन झालं की?" बंद. "आन् मी जगलोच तर?" फंड कमी येईल. तो फंड त्यांनी मनात तिच्या लग्नासाठीच धरला होता. मग मलाच म्हणाले, "ह्यातलं बरं कंचं, ते सांगा की." मला सांगता येईना. ते किती जगणार यावर सगळं होतं, आणि तेवढंच परिपत्रकात नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या टेबलाची मला लाज वाटली.

त्यांनी खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "बहीण गरीब हाय. मी नसलो तर पोर तिच्या दारात आयतं खाणारी व्हईल. तसं नगं. लिवा." मी जुना फॉर्म काढून नवा भरला आणि कुटुंबाच्या रकान्यात लेकीचं नाव घातलं.

मामा रिटायर झाले तेव्हा लेक बसवकल्याणला शाळेत शिकवत होती. त्यांच्याच पाळीतल्या, फक्त फंड ठेवलेल्या जोडीदाराला त्यांच्यापेक्षा बरेच जास्त पैसे आले. मामांचा कागद त्यांच्यापुढं ठेवताना मला मान वर करवेना. मी रक्कम वाचून दाखवली, तीही हळू आवाजात.

"तोंड कामून पाडलाव अण्णा?" मामा म्हणाले. "कमी आले म्हंजे पोरीचा बाप जगला की."