वच्छलाबाईची कूक

वच्छलाबाईच्या तोंडी लागायची गावात कोणाची बिशाद नव्हती. एकदा पोलीस पाटील नुसतं म्हणाला, "वच्छलाबाई, आता नवऱ्याचा दगड ठेवून दे." बाईनं त्याच्याच अंगणात उभं राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "जित्या माणसाचा दगड ठेवू काय? मुडदा कुठी हाये, दाखव मले!"

नवरा लटारू सहा वर्षांमागं तलावामागच्या दलदलीत कमळाचे कंद काढायला गेला, तो गेलाच. सापडलं फक्त त्याचं खुरपं. वाघानं नेलेल्या माणसासाठी घरच्यांनी दलदलीच्या काठी दगड ठेवायचा, ही तिथली रीत. काठावर ढीग झाला होता, पण लटारूचा दगड त्यात नव्हता.

त्या हिवाळ्यात नवी सून रंजीता हट्टानं कंद काढायला निघाली. पोरगी गडचांदूरची. सिमेंटच्या धुराड्याखाली वाढलेली, तिला दलदल काय ठाऊक! मुलगा प्रवीण दारात आडवा आला. "आई, जशी नेऊन राह्यली, तशी घरी आण हिले."

"माह्या जिवावर हाये ते," वच्छलाबाई म्हणाली.

काठावर तिनं सुनेला बजावलं, "आत गेलं का नाव घ्यायचं नाई. त्या पट्टेवाल्याचं नाई अन् आपलंबी नाई. घेतलेलं नाव तो ध्यानात ठेवते. मी 'कूऽऽ' करून कूक दिली का तू तशीच कूक द्यायची, बस."

दोघी कमरेएवढ्या पाण्यातून चालल्या. गोगलगायी फोडणारे करकोचे चिखलात चोची खुपसून होते. कमळपक्षी पानावरून पानावर तुरुतुरु पळत होते. एका पाणमांजरीनं डोकं वर काढलं, दोघींना पाहिलं, बुडी मारली. रंजीता हरखली. मान भिजवून उभं असलेलं सांबर बघायला ती लव्हाळ्यात थोडी मागं राहिली.

अन् सगळं गप्प झालं. पाणकोंबडीसुद्धा बोलेना. सांबर तेवढं एकदा खेकसलं आणि पाणी उडवत पळालं.

वच्छलाबाईनं कूक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. या वेळी उत्तर आलं, पण मागून नाही. पुढून, खोल पाण्याकडून. लांब, आणि शेवटी उचकी लागल्यासारखी तुटलेली कूक. अशी कूक पंचक्रोशीत एकाचीच होती.

बाईचे पाय आपोआप तिकडे वळले. पाणी छातीला लागलं, चिखल गुडघे ओढू लागला. पुन्हा तीच कूक, अजून आत. सहा वर्षं ती हेच ऐकायला या दलदलीत येत होती. अजून चार पावलं, अन् लटारू दिसला असता.

मग तिला पोरगी आठवली.

किती जीव तुटला असेल बाईचा त्या घडीला, देव जाणे. ती माघारी फिरली आणि रीतभात सोडून कोकलली, "रंजीताऽऽ!"

"आईऽ!" काठाकडून रडका आवाज आला.

वच्छलाबाईनं तिला दंडाला धरून बाहेर काढलं. "कूक काऊन नाई दिली वं, रांडेचे?"

रंजीताचे दात वाजत होते. "समोर तो पट्टेवाला बसला होता, आई. माह्याकडंच पाहून राह्यला होता. मी तोंड दाबून उभी होती. मंग तिकडून कूक आली. त्यानं मान वळवली, उठला, अन् त्या आवाजाकडं चालला गेला."

"माही असंन कूक."

"नाई, आई. तुमची मले ओळखू येते. ते गड्याची होती. शेवटी तुटत होती."

वच्छलाबाईनं वळून एकदा खोल पाण्याकडं पाहिलं.  मग तिनं पाण्यातला एक दगड उचलला, पदरानं पुसला आणि ढिगावर ठेवला. लग्न झाल्यापासून कधी न घेतलेलं नाव तिनं घेतलं.

"लटारू, पोरीले घरी नेऊन राह्यली मी. तू जा आता."