जान्हवीची चुकलेली गणितं

उज्ज्वल वासनिकचा वाढदिवस एक जूनला येतो, म्हणजे कागदावर येतो. वर्धा जिल्ह्यातल्या त्याच्या गावी गुरुजींनी दाखल्यावर ती तारीख ठोकून दिली आणि पोराला वर्षभर आधीच पहिलीत बसवलं. पाढे तोंडपाठ असलेलं पोर घरी कशाला ठेवायचं, असं त्यांचं मत. खरी तारीख आईला विचारली तर ती एवढंच सांगायची, "तुरीले फुलं होते तवा झाला तू." आता तो सिंगापूरला एका लॅबमध्ये नोकरी करतो, तिथल्या एम्प्लॉयमेंट पासवरही एक जूनच आहे. दर वर्षी त्या दिवशी लॅबमधली मंडळी केक आणतात आणि हा निमूट कापतो.

तेव्हा एक वर्ष आधी शाळेत बसलो म्हणूनच आपण इथवर पोचलो, यावर उज्ज्वलची अढळ श्रद्धा. वर्गात तो सगळ्यांत बुटका होता, कबड्डीत त्याला कुणी घेत नसे, मधल्या सुट्टीत तो भिंतीला टेकून पाढे म्हणत उभा राहायचा. पण हे सांगतानाही तो हसून सांगायचा. आपले हाल झाले असं म्हणण्यापेक्षा आपलं भलं झालं असं म्हणणं माणसाला सोपं जातं, दुसरं काय!

जान्हवी त्याची एकुलती एक लेक. २०१४ साली ती पासिर रिसजवळच्या शाळेत तिसरीत होती. संध्याकाळी त्यांच्या इमारतीच्या ब्लॉकखाली फेऱ्या मारताना बापाचा हात धरून मराठीत पाढे म्हणायची, आणि शाळेत मधल्या सुट्टीत हुई मिन नावाच्या मैत्रिणीसाठी गणितं रचायची. अमकीकडे इतके फिशबॉल, तमकीकडे तितके, मग उरले किती? इथल्या पोरांच्या रीतीप्रमाणे प्रत्येक आकड्यासाठी लांब लांब चौकोन काढून दोघी ते सोडवायच्या आणि खिदळायच्या. गणित म्हणजे जान्हवीला हुई मिनशी खेळायचा खेळ होता.

एक दिवस शाळेतून पत्र आलं. जान्हवी गणितात फार पुढे आहे, या टर्मला तिला गणिताच्या तासाला पाचवीत बसवून पाहावं म्हणतो, तुमची संमती आहे का?

"नऊ वर्षांची आहे ती," उज्ज्वलची बायको सुलेखा म्हणाली. "राहू दे तिला तिच्या मैत्रिणीत."

"गुरुजी माझ्या आईला विचारत बसले असते, तर मी आज गावातच असतो," उज्ज्वल म्हणाला आणि त्याने सही केली. जान्हवीला कुणी विचारलं नाही.

आता त्या शाळेत तिसरीची आणि पाचवीची सुट्टी वेगवेगळ्या वेळी. पाचवीचा गणिताचा तास नेमका तिसरीच्या सुट्टीवर यायचा. त्यामुळे जान्हवी डबा खायची पाचवीच्या सुट्टीत, कॅन्टीनच्या बाकाच्या टोकाला, एकटी. घरी विचारलं की इथल्या पोरांसारखी म्हणायची, "ओके लाह, पप्पा." उज्ज्वलला तेवढं पुरायचं. चौकोन काढताना दिसली की तो म्हणायचा, "आता ते सोड, एक्स मानून कर." त्याच्यासमोर तिने चौकोन काढणं सोडलं. संध्याकाळच्या फेऱ्यांना यायचंही सोडलं.

दोन महिन्यांनी तिच्या पेपरांवर सगळीकडे फुल्या दिसू लागल्या. शाळेने उज्ज्वलला बोलावलं. तिच्या बाईंनी पेपर पुढे ठेवले आणि हळुवारपणे सांगितलं, तिला हे झेपत नाहीये, परत तिसरीत पाठवू या. उज्ज्वलचं तोंड एवढंसं झालं. पेपर बॅगेत कोंबून तो एमआरटीच्या गाडीत बसला आणि पेन्सिल काढून एकेक गणित तपासू लागला.

उत्तर सत्तेचाळीस, तिने लिहिलं होतं अठ्ठेचाळीस. उत्तर एकशे पंचवीस, तिने लिहिलं होतं एकशे सव्वीस. वीसच्या वीस उत्तरं बरोबर एकाने जास्त होती. कडेला खोडरबराने पुसलेले चौकोन अंधूक दिसत होते, त्यांत आकडे अचूक होते. इतकं नेमकं चुकायला खरं उत्तर आधी काढावं लागतं. उज्ज्वलचं स्टेशन कधी गेलं ते त्याला कळलंच नाही.

संध्याकाळी त्याने तिला जवळ बसवलं. "मुद्दाम चुकलीस?"

ती म्हणाली, "चुकलं की सेंड बॅक करतात, पप्पा. मग रिसेसला हुई मिन असते."

उज्ज्वलला रडू आलं. भिंतीला टेकून उभं असताना आपल्याला हे सुचलं कसं नाही, असंही त्याच्या मनात आलं.

सोमवारपासून ती तिसरीत बसू लागली. हुई मिनशेजारी आता दुसरीच मुलगी बसत होती, पण सुट्टीत तिघी एकत्र डबा खाऊ लागल्या. गणितं मात्र जान्हवीने पुन्हा रचली नाहीत, आणि तिसरीच्या पेपरातही तिची उत्तरं एकाने जास्तच येत राहिली. आपली उत्तरं इथेही बरोबर आली तर पुन्हा पाचवीत उचलून नेतील, अशी धास्ती तिने घेतली होती. उज्ज्वलने दहादा सांगितलं, नाही पाठवणार. तिचा विश्वास बसेना.

एका संध्याकाळी सुलेखाने बळेच दोघांना खाली पिटाळलं. ब्लॉकखाली जान्हवी त्याच्यापासून हातभर लांब चालत होती. काय बोलावं सुचेना, म्हणून जुन्या सवयीने उज्ज्वलने विचारलं, "सात आठे?"

ती थांबली. त्याच्या तोंडाकडे निरखून पाहत म्हणाली, "सत्तावन्न."

उज्ज्वलही थांबला.

"बरोबर," तो म्हणाला.

तेव्हा कुठे तिने त्याचा हात धरला.