अंगात येत नाही

आमच्या शुक्रवार पेठेतल्या महादेवीअक्का वर्षभर उदास होत्या, अंथरुणातून उठवत नसे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी उतार पडला. चौऱ्याहत्तर साली त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हा धाकटी जाऊ म्हणाली, "अक्का, कुणी दुखण्याचं विचारलं तर अंगात येतं म्हणा. उलट पाया पडतील की!"

मुलाच्या आईनं विचारलंच. अक्का म्हणाल्या, "देवीच्या नावावर खोटं कशाला घालू? माझं मन आजारी हाय. रोज गोळी घेते. मागनं कळण्यापेक्षा आत्ताच ऐका."

जावेनं कपाळाला हात लावला. सोयरीक मोडली. मुलगी आठवडाभर आईशी बोलली नाही.

पुढच्या सोमवारी मुलाची आई एकटीच आली. "माझ्या बहिणीला अंगारे लावून थकलो. तुमचे डॉक्टर कुटं बसतात?"

अक्कांनी चपला घातल्या.