अंगठ्यावरची ओळ

ती ओळ मला अडली नाही. पहिल्या झटक्यात वाचता आली, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

रेकॉर्ड रूममध्ये ट्यूबलाइट एकच, तीही लुकलुकणारी. म्हणून मी बंडल घेऊन खिडकीशी बसलो होतो. शेजारी सुमनताई उभ्या. बसा म्हटलं तर बसेनात. समोर अव्वल कारकून शिंदे सारखे घड्याळ बघत होते.

"सर, अर्धा तास म्हणला होतात. बंडल परत कपाटात जायला पाहिजे."

"घाई केली तर हे अक्षर रुसतं," मी म्हणालो. "तुम्ही चहा घेऊन या."

घाई करणाऱ्या माणसाचा मला राग येतो. उभी नोकरी मी उर्दू शाळेत मास्तरकी केली, तिथंही पोरांना घाई करू दिली नाही.

माझं आत्ताचं काम सांगतो. आमचा धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं जुने महसुली कागद उर्दूत आहेत. तेही छापील उर्दूत नाही, शिकस्त अक्षरात. शिकस्त म्हणजे कारकुनी हातानं भराभर ओढलेलं मोडकं अक्षर. नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळलेले, शब्दाला शब्द चिकटलेला. रोज उर्दू पेपर वाचणाऱ्यालाही ते लागत नाही. अलीकडं जुन्या नोंदी शोधायची लाट आली, तेव्हा कचेऱ्यांना माझ्यासारखे म्हातारे आठवले. कागद वाचायचा, मराठीत भाषांतर लिहायचं आणि खाली सही करायची: मूळ मजकुराचे खरे भाषांतर.

सुमनताई रिटायर अंगणवाडी सेविका. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका गावात हाडोळ्यावर त्यांच्या भावकीची अकरा घरं होती. हाडोळा म्हणजे गावकीच्या कामाबद्दल महारांना मिळालेली इनाम जमीन. ही भावकी आता बौद्ध आहे, पण जमिनीचं नाव तेच राहिलं. काम काय होतं? सरकारी सांगावा पोचवायचा, सारा कचेरीत न्यायचा, शीव राखायची, मेलेलं जनावर ओढायचं. ऊन म्हणायचं नाही, पाऊस म्हणायचा नाही. त्या बदल्यात गावाच्या कडेला थोडी खडकाळ जमीन. इनाम हा शब्द ऐकायला लई भारी वाटतो. ती जमीन बघितली तर वाटणार नाही.

त्या अकरा घरांना अतिक्रमण म्हणून नोटीस आली होती. सातबाऱ्यावर जमीन सरकारची दिसत होती आणि तिथं विजेचं सबस्टेशन व्हायचं होतं. सुमनताईंचं म्हणणं सरळ होतं. जमीन आमच्या इनामाची, ती आमच्याकडून कधी गेली ते दाखवा. प्रांतसाहेब म्हणाले, जुना कागद आणा, मग बघू.

कागद सापडला. इनामाच्या रजिस्टरात सुमनताईंच्या आजोबांचं, राणोजींचं नाव लख्ख होतं. मी वाचून दाखवलं तसा त्यांनी त्या पानावर हात ठेवला.

"ताई, पान जुनं आहे," शिंदे म्हणाले.

त्यांनी हात काढला, पण चेहरा एवढा खुलला होता की मलाही बरं वाटलं.

मग त्याच बंडलात, मागं टाचलेला, एक जबाब निघाला. पोलीस अ‍ॅक्शननंतरचा, म्हणजे निजामाचं राज्य गेल्यावरचा, पण कचेरीत अजून उर्दू चालायची तेव्हाचा. त्यात राणोजी सांगतात: आजपासून मी आणि माझी भावकी गावकीचं काम करणार नाही. मेलेलं जनावर ओढणार नाही, दारोदार भाकरी मागणार नाही. हे मी कोणाच्या दबावाखाली बोलत नाही.

"आजा असंच म्हणले व्हते," सुमनताई म्हणाल्या. "आबा सांगत्यात की. चावडीवर, सगळ्या गावासमोर. त्यांच्या आधी कुणाची छाती झाली न्हवती." आबा म्हणजे त्यांचे वडील.

खाली राणोजींचा अंगठा होता. आणि अंगठ्याच्या वर, उरलेल्या फटीत, बारीक अक्षरात आणखी एक ओळ कोंबलेली. इनामाच्या जमिनीवरचा हक्कही सोडला आहे, ती सरकारजमा व्हावी.

ती मी मोठ्यानं वाचली. सुमनताईंनी पर्स उघडली, बंद केली. मग आबांना फोन करून येते म्हणून व्हरांड्यात गेल्या.

"संपला विषय," शिंदे म्हणाले. माणूस वाईट नाही, बोलायची पद्धत तशी.

मी खिशातलं भिंग काढलं. का काढलं, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. त्या ओळीचं शेवटचं अक्षर मागं लांब ओढलेलं होतं आणि त्याचं शेपूट खाली अंगठ्याच्या ठशावर आलं होतं. ठसा जांभळा, शाई काळी. काळी रेघ जांभळ्याच्या वरून गेली होती. म्हणजे आधी अंगठा, नंतर ओळ. राणोजींनी अंगठा दिला तेव्हा त्या कागदात काम सोडल्याचंच होतं, जमिनीचं नव्हतं.

नकलेत हे दिसत नाही. झेरॉक्समध्ये सगळंच काळं. मूळ कागदावर, उजेडात, भिंगातून बघितलं तरच दिसतं. त्या खोलीत ते मला एकट्याला दिसलं.

आणि ते लांब ओढलेलं अक्षर मी ओळखत होतो.

ते पेशकारचाचांचं होतं. पेशकार म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारा कारकून. नोकरी सुटल्यावर चाचा आमच्या गल्लीत राहायला आले होते. मला शिकस्त शिकवली ती त्यांनी. दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर ओट्यावर बसवायचे, चुकलो की पाठीत धपाटा, बरोबर वाचलं की गुळाचा खडा. त्यांच्याच हातचे जुने कागद गिरवून मी शिकलो. ती ओळ मला सहज वाचता आली ती त्यामुळं. चाचांनी ती स्वतःच्या मनानं लिहिली, की पाटलानं, साहेबानं सांगितली म्हणून, ते अल्लाला माहीत.

"शिंदे," मी म्हणालो, "भाषांतराखाली एक टीप लिहू का? शेवटची ओळ अंगठ्यानंतरची दिसते म्हणून."

"सर, तुम्ही हस्ताक्षरतज्ज्ञ आहात का?"

"नाही."

"मग लिहिलंय तेवढं मराठीत द्या. साहेबांनी भाषांतर मागितलंय, मत नाही. टीप लिहिली की साक्षीला बोलावतील. तारखेवर तारीख. तुमचे गुडघे चालतात का एवढ्या चकरा मारायला?"

गुडघ्यांचं कारण सोपं होतं, मी ते घेतलं. खरं कारण चाचा होते. मला माझ्या उस्तादाचं नाव त्या फायलीत घालायचं नव्हतं. मी भाषांतर लिहिलं, सही केली. सुमनताई आत आल्या तेव्हा बंडल कपाटात गेलं होतं.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "सर, आबांना पटंना. म्हणत्यात, मास्तरांच्या तोंडून ऐकायचंय. येता का एवढं?"

गेलो. आबा समाजमंदिराच्या पायरीवर बसले होते. वय ऐंशीच्या पुढं, कानानं तिखट. अकरा घरांतली माणसं भोवती उभी होती. मी भाषांतर वाचलं. काम सोडल्याचं वाचलं तेव्हा आबांनी मान हलवली. शेवटची ओळ वाचली तेव्हा हलवली नाही.

"माझ्या बानं काम सोडलं. जमीन न्हाय सोडली."

"कागदात तसं आहे, आबा."

"तवा कारकुनानं कागद वाचून दावला व्हता. बा सांगायचा. अंगठा देयाच्या आधी त्यानं इचारलं, समदं वाचलं का? कारकून म्हणला, व्हय, समदं वाचलं." मग आबांनी माझ्याकडं बघितलं. "मास्तर, तुमी समदं वाचलं का?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. सुमनताई तर हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"व्हय आबा," मी म्हणालो. "समदं वाचलं."

तो कारकून म्हणजे चाचाच असणार. त्या दिवशी ते म्हणाले ते निदान खरं तरी असेल, कारण ओळ अजून लिहिली नव्हती. माझं तेवढंही नव्हतं. सुमनताईंनी दिलेलं पाणी मी प्यायलो आणि एस्टीत बसलो.

निकाल लागायला फार दिवस गेले नाहीत. त्यात माझं भाषांतर जसंच्या तसं उतरवलंय, शेवटची ओळ अधोरेखित करून. अकरा घरांना ओढ्यापलीकडं गुंठा-गुंठा जागा मिळाली. घरं पाडायला जेसीबी आला त्या दिवशी मी दिवसभर घराबाहेर पडलो नाही. जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, डॉक्टरकडं चला. मी म्हणालो, डॉक्टरचं काम नाही हे.

मग मी जे दिसलं ते दोन पानांवर लिहिलं आणि सुमनताईंच्या वकील मॅडमकडं नेऊन दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला.

"सर, हे त्याच दिवशी का नाही लिहिलं? आता समोरचे म्हणतील, तुम्हाला पढवून आणलंय."

"मूळ कागद बघा म्हणावं."

त्यांनी अर्ज केला. मधल्या काळात बंडल स्कॅनिंगला जाऊन आलं होतं. जुना कागद पापडासारखा, खालच्या कोपऱ्यातून तुटला होता. अंगठा अर्धा उरला होता, तो काळी रेघ नसलेल्या बाजूचा. स्कॅन आहे, पण त्यात सगळंच काळं आहे. अपील चालू आहे. मॅडम मला आशा दाखवत नाहीत, ते एक बरं आहे.

सुमनताईंना मी स्वतः जाऊन सांगितलं, चाचांच्या नावासकट. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. साध्या आवाजात म्हणाल्या, "तवाच बोलला असता, तर मी दुसरा मानूस आणून त्याला कागद दाखवला असता, सर."

मग म्हणाल्या, "आबांना तुमीच सांगा. मी न्हाय सांगणार."

आता दोन पोरी माझ्याकडं शिकस्त शिकायला येतात. त्यांना पहिल्या दिवशी भिंग आणायला सांगितलं. लिहिलेलं वाचा आणि दिसलेलंही लिहा, कोणी मागो न मागो, त्याच दिवशी. एवढाच धडा आहे. माझ्या त्या भाषांतरात शब्दाची चूक नाही, कोणालाही दाखवा.

आबांकडं मी अजून गेलेलो नाही.