मावशीची जाग

सकाळचे नऊ वाजले तरी मावशी चहाचा कप धरून डुलत होती. शब्द अडखळत होते. झोपेसाठी तगराची पूड एक चमचा घ्यायची, ती तीन-तीन चमचे घेत होती.

"अगं, झाडाचं मूळ ते. त्यानं काय होतंय?"

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. "झाडाचं असलं तरी औषधच ना, आजी? जास्त झालं की बाधतं," म्हणत त्यांनी पूड बंद केली.

अंथरुणाला खिळलेल्या काकांची कूस बदलायला ती सहा वर्षं रात्रीतून चारदा उठायची. काका गेले, जाग मात्र राहिली. तिला पुडीनं कसं निजवणार?

हल्ली मी तिच्याशेजारी झोपते. जाग आली की ती माझं पांघरूण सारखं करते आणि पुन्हा निजते.